पुराणिकजींची छागल

माठात रोज नवं पाणी भरलं तरी तळाशी गाळ साचतोच. ऑफिसातल्या किश्शांचंही तसंच. मुद्दाम कुणी गोळा करत नाही. पण तीन माणसं वर्षानुवर्षं एका खोलीत बसली, की एक दिवस हात घालून बघावं तर तळाशी ही एवढी रास!

आमची खोली झाशीच्या लोको शेडमधली. वाफेच्या इंजिनांचा काळ. खिडकी उघडली की कागदांवर काजळी, बंद केली की आपण उकडून निघायचं. समोर हेडक्लार्क पुराणिकजी, शेजारी तिवारीजी आणि कोपऱ्यात मी. पुराणिकजींचं घराणं पेशवाईत इकडे आलं ते इथलंच झालं. दतिया गेटजवळ घर. घरात मराठी, बाहेर हिंदी आणि रागावले की बुंदेली. माणूस लाख मोलाचा, पण जगात कुणाच्याही पाण्यावर विश्वास नाही!

"पाणी स्वच्छ दिसलं की मला जास्त संशय येतो," ते म्हणायचे. "गढूळ पाणी निदान कबूल तरी करतं."

* * *

घरच्या नळाला त्यांनी पांढरं फडकं बांधलं होतं. आठवडाभरात त्यावर जे साठायचं ते खरवडून, डब्याच्या खालच्या पुडात घालून ते आम्हाला दाखवायला आणायचे. तिवारीजींना सवय अशी, की जेवताना दुसऱ्याच्या डब्यात न विचारता हात घालायचा. एके दुपारी हिरवट-तपकिरी काहीतरी दिसलं. चटणी समजून त्यांनी पुरी बुडवली.

"अरे, अरे! नळाचं आहे ते!" पुराणिकजी ओरडले.

पुरी ओठांपाशी थांबली म्हणून बरं. पण तेव्हापासून तिवारीजी कुणाच्याही डब्यापुढे हात रोखून आधी विचारायचे, "ये खाने का है कि दिखाने का?"

* * *

मग कुणीतरी सांगितलं, एकावर एक माठ ठेवा. वरच्यात वाळू, मधल्यात कोळसा, खाली चांगलं पाणी. पुराणिकजींनी लाकडी घडवंची करून घेतली. वाळू सात वेळा धुतली म्हणे. आता कोळसा. बाजारातल्या लाकडी कोळशावर त्यांचा विश्वास बसेना. कुठल्या चितेचा असेल कुणास ठाऊक! म्हणून शेडमधला दगडी कोळसा मागून नेला. जो एवढी मालगाडी ओढतो, त्याला माठभर पाणी गाळायला काय जड?

सकाळी खालच्या माठातून जे उतरलं त्याचा रंग आमच्या इंजिनांच्या काळ्या ग्रीससारखा होता. पुराणिकवहिनींनी गडू उजेडात धरला आणि शांतपणे म्हणाल्या, "आता शिट्टी तेवढी वाजायची राहिली."

* * *

तरी ते खचले नाहीत. एक दिवस त्यांच्या लक्षात आलं, की शेडमध्ये इंजिनांना जे पाणी भरतात ते आधी टाकीत शुद्ध होतं. केमिस्ट रोज तपासतो. आणि आपण? आपण नळाला तोंड लावायचं!

"इंजिनाच्या पोटाची काळजी आहे, माणसाच्या नाही!" असं म्हणून त्यांनी त्या टाकीचं पाणी डबा भरून घरी नेलं. पहिल्या दिवशी कौतुकच झालं. तूरडाळ चुटकीसरशी शिजली. वहिनीसुद्धा खूश. दुसऱ्या दिवशी पुराणिकजी ऑफिसात आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते भिंतीला धरून.

केमिस्टला बोलावलं. त्यानं कपाळावर हात मारला. "बाबूजी, उसमें सोडा पड़ता है, दवा पड़ती है! वो पानी बॉयलर साफ रखने के लिए है।"

पुराणिकजी खुर्चीत हळूच टेकले. "हो गया, भैया. घर के सब बॉयलर साफ हो गए!"

* * *

नळातून एकदा चक्क जिवंत अळी आली. ती बाटलीत भरून पुराणिकजी पाण्याच्या दफ्तरात गेले; साक्षीला मला नेलं. तिथले साहेब मोठे सज्जन. बाटली उजेडात धरली, हलवली, म्हणाले, "पुराणिकजी, अगर पानी खराब होता, तो ये कीड़ा जिंदा रहता क्या?"

साहेबांनी आमच्यासाठी थंडगार पाणी मागवलं. पुराणिकजींनी पेल्याकडे संशयानं बघितलं. "ये... नल का है?"

साहेबांनी आधी दाराकडे बघितलं, मग आवाज उतरवला. "नहीं जी. घर से लाता हूँ. कुएँ का."

* * *

पुराणिकजींच्या कुसुमचं लग्न चिरगाँवच्या एका मराठी मास्तरांच्या घरी ठरलं. लग्नात पुराणिकजी लेकीच्या बापाचं काम सोडून पाण्याच्या हंड्यांवर पहारा करत उभे! प्रत्येक हंड्यात जंतू मारायची लाल दवा. पाणी गुलाबी झालेलं. वऱ्हाडातले एक म्हातारे दोन पेले रिचवून म्हणाले, "शरबत तो बढ़िया है, चीनी रह गई."

आम्ही हसलो. त्या दिवशीच पुराणिकजींनी मला बाजूला घेऊन सांगितलं. लहानपणी समथरच्या जत्रेला जाताना त्यांनी धाकट्या भावाला वाटेतल्या कुंडाचं पाणी ओंजळीनं पाजलं होतं. पाणी अगदी निवळ होतं. दोन दिवसांत हैजानं, म्हणजे कॉलऱ्यानं, भाऊ गेला. नंतर मला त्यांच्यावर पूर्वीसारखं हसता येईना. हसायचो, पण पूर्वीसारखं नाही.

* * *

लग्नानंतर पुराणिकजी लेकीकडे जायचे ते छागल घेऊन. छागल म्हणजे जाड कापडाची पाण्याची पिशवी. गाडीच्या खिडकीबाहेर टांगली की वाऱ्यानं पाणी गार होतं. लेकीच्या घरी कुणी पाणी पुढे केलं की ते हात जोडायचे. "आमच्या बुंदेलखंडात बाप लेकीच्या घरचं पाणी पीत नाही." आणि स्वतःची छागल तोंडाला लावायचे. रीत खरीच, पण जन्मभर पाळायची ती इथल्या लोकांनी. आपल्या मराठी लोकांत नातवंड झालं की ती संपते. कुसुमच्या सासूबाईंना हे पक्कं ठाऊक. त्या तिला ऐकवायच्या, "आमच्या विहिरीत काय मेलंय, तुझ्या बाबांना विचार." पोरीला माहेरचं माणूस येणार म्हटलं की आनंदाआधी धडकीच भरायची.

नातवाचं जावळ काढायचं ठरलं. ज्येष्ठातलं ऊन, लूच्या गरम झळा चाललेल्या. पॅसेंजरनं आम्ही ऑफिसातले तिघेही गेलो. वाटेत छागलीतून पाणी ठिबकत होतं आणि पुराणिकजी घोट घेत होते. पोचलो, छागल ओसरीच्या खुंटीला लागली, कार्य झालं. मग भरल्या ओसरीत सासूबाई तांब्या घेऊन पुढे आल्या.

"आता नातू झाला, व्याहीबुवा. आज तरी घ्या."

पुराणिकजींनी हात जोडले. "आम्ही झाशीचे झालो, तर रीतही झाशीचीच." उठले, छागल काढली आणि घटाघटा प्यायले.

सासूबाईंचा तांब्या तसाच हातात. त्यांनी कुसुमकडे असं बघितलं, की मलाच कुठे लपावं कळेना. आणि कुसुमचा बांध फुटला.

"बाबा, ते आमच्याच विहिरीचं आहे! आजचंच नाही. लग्न झाल्यापासून दर वेळी तुम्ही बसलात की मी ती पिशवी रिकामी करून आमचं पाणी भरते. तुम्ही आमचंच पाणी पीत आलाय!"

तिवारीजींनी माझं मनगट धरलं. मला वाटलं, आता हे अंगणात जाऊन चुळा भरणार.

पुराणिकजींनी धोतराच्या सोग्यानं मिश्या पुसल्या.

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "झाशीहून भरलेली छागल चिरगाँव येईपर्यंत अर्धी होते. तुझ्या खुंटीला लागली की तासाभरात गळ्यापर्यंत भरते. मला काय एवढंही कळत नाही?"

मग त्यांनी आवाज खाली आणला, "उकळतेस ना?"

तिनं नुसती मान हलवली. नाही.

पुराणिकजींनी छागल पुन्हा तोंडाला लावली. उरलेलं पाणी पिऊन टाकलं आणि रिकामी पिशवी तिच्या हातात दिली.

"भर परत. गाडीत लागेल."