शेवटचा आल्याशिवाय चहा नाही

रतनकाका गेल्याचा निरोप सायकलच्या ग्रुपवर आला, तेव्हा मी दवाखान्यात एका आजोबांची दाढ काढत होते. काकांच्या मुलाने दोनच ओळी लिहिल्या होत्या. सकाळी दुकानात बसल्याबसल्या मान टाकली म्हणे. त्या निरोपाच्या बरोबर वर माझाच संदेश होता, आदल्या दिवशी शहादा ते प्रकाशा मी किती वेगाने गेले त्याचा! आजोबा तोंड उघडं ठेवून माझ्याकडे बघत राहिले आणि मी हातातला चिमटा धरून तशीच उभी... दाढ काढली, कापूस दाबला, मग आत जाऊन भरपूर रडले.

काकांचं शहाद्यात भांड्यांचं दुकान. घराणं मूळचं मारवाडातलं, पण काका अहिराणी असं बोलायचे की गिऱ्हाईक दोन तांबे जास्तीच घेऊन जाई. घरात दोन गाड्या असून दुकानात सायकलनेच. काळी, उंच, मागे कॅरिअर, पुढे पितळी टोपीची घंटी. रविवारी प्रकाशाला तापीकाठी जायची टूम त्यांनीच काढली. मी, दोन मास्तर, बँकेतली पोरं असे जमत गेलो. नियम एकच, तोही त्यांचा: घाटावरच्या धनाभाऊच्या टपरीवर शेवटचा माणूस आल्याशिवाय चहा नाही. ते स्वतः कायम सगळ्यात मागे, सगळ्यात हळू चालवणाऱ्याच्या बाजूने. वळणावरच्या वडाशी आले की घंटी वाजवत, आणि ती ऐकली की मगच धनाभाऊ दूध गॅसवर ठेवी.

आता मी पडले वेगाची माणूस. हलकी, महागडी सायकल घेतलेली. घंटी तर मी सायकलवाल्याच्या दुकानातच काढून ठेवायला लावली होती, उगाच वजन कशाला! आणि सगळ्यात हळू कोण, तर आमची सुमन. म्हसावदकडची, अंगणवाडीत काम करणारी, पन्नाशीला आलेली. डॉक्टरांनी चाल म्हणून सांगितलं तर हिने सायकल काढली. उसाचा ट्रॅक्टर दिसला की ही खाली उतरून उभी. जिल्ह्याची शर्यत तोंडावर आली होती आणि मी टपरीवर बसून माशा मारतेय. एका रविवारी काका येऊन पोहोचेपर्यंत माझं डोकं सटकलं. म्हटलं, "काका, अंग गार पडतं आमचं. ज्याला झेपत नाही त्याने यावं कशाला?"

"तू जोरमा जाय ना, तुले कोन रोकस?" काका शांतपणे म्हणाले. "पन पंगतमा सगळास्ले वाढं का मंगच हात लावतस ना? तसं शे हाई."

"ही काय पंगत आहे का?" मी उठलेच. बँकेतली तिघं पोरं माझ्यामागे. धनाभाऊ नुकतंच ठेवलेलं दूध सोडून काकांच्या तोंडाकडे बघत बसला. आम्ही चहा न घेता तसेच निघालो, आणि शर्यतीपर्यंतचे रविवार एकाच रस्त्यावर दोन ग्रुप झाले. त्यात माझं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. शर्यत ही शर्यत असते, तिथे कोणी कोणासाठी थांबत नाही.

शर्यतीच्या दिवशी मी दुसरी आले. रेषेपाशी हा गोंगाट! बघते तर काका, दुकानातली मोठी परात घेऊन पळीने बडवतायत. "मन्ही पोर शे ती!" असं दिसेल त्याला सांगत होते. मला हसावं का लाजावं कळेना. बक्षिसं झाली, पाहुणे गेले, मांडववाले कनाती गुंडाळायला लागले, तरी काका हलेनात. मी त्यांच्या मुलाच्या गाडीने परतणार होते, म्हणून झक मारत थांबले. मग लांबून सुमन आली! तिने नाव दिलंय हे मला ठाऊकच नव्हतं. लालभडक तोंड, पदर कमरेला खोचलेला. रिकाम्या मैदानात काकांनी परात बडवली, माझ्यासाठी बडवली त्यापेक्षा जोराने. सुमन सायकल सोडून खाली बसली आणि हसायलाच लागली. जिंकल्यावर मी तशी कधी हसले नव्हते. पुढच्या रविवारी मी टपरीवर जाऊन बसले. "काय, ऊनी का?" काका म्हणाले. म्हटलं, "चहासाठी आलेय." तेही हसले. बस्स, एवढाच आमचा समेट.

ते गेल्यानंतरच्या पहिल्या रविवारी मी नेहमीसारखी पहिली पोहोचले. बाकीचे आले. दूध पातेल्यात तसंच, गॅस बंद. धनाभाऊ वडाकडे कान लावून बसलेला, आणि त्याला चहा टाक म्हणायची कोणाची छाती होईना. बऱ्याच वेळाने सुमन आली. एकटी. घाटावर तोंड धुऊन माझ्यापाशी आली. "ताई, आते मी येस नही. तुम्हना खोळंबा कसाले करू?"  घरी जाताना मला एवढं कळत होतं की ही यायची थांबली, तर काकांचा रविवार संपला. उरेल ती माझ्यासारख्यांची शर्यत, आणि ती तर कुठेही मिळते.

दुसऱ्याच दिवशी मी दुकानात गेले. काकांची सायकल मागच्या दाराशी उभी होती. त्यांच्या मुलाला विचारून घंटी काढून आणली. माझ्या सायकलची दांडी जाड, घंटी बसेना. शेवटी जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळून बांधली. दिसायला भयंकर! बँकेतली पोरं अजून हसतात. सुमनला शनिवारी फोन करून दम दिला, "आली नाहीस तर घरी येऊन उचलून नेईन."

अजूनही प्रकाशाला पहिली मीच पोहोचते, ते सोडणार नाही. टपरीला हात लावते आणि तशीच उलटी फिरते. पपईच्या मळ्यांपाशी कुठेतरी सुमन भेटते. पहिल्यांदा मला समोरून येताना बघून ती सायकलवरून उतरलीच. "काय व्हयनं ताई? तुम्हीबी शेवटला?"

"शेवटली तू. मी तं पहिली शे," मी म्हटलं. "चाल, च्या थांबेल शे."

वडाशी आलो, आणि मी काकांची घंटी वाजवली. टपरीवर धनाभाऊने काडी ओढली.