टायटॅनियमच्या कड्याला कुंकू

लवू परब चारकोपच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात वेल्डर होता. त्याच गाळ्यात मी फिटर होतो, आता निवृत्त आहे. टाक्या नि पाइप जोडण्यात त्याची हयात गेली. मग आमचे मालक सुबोधशेठ एक वेगळं काम घेऊन आले. एक खासगी कंपनी हौशी प्रवाशांना अंतराळात फिरवून आणायचं यान बांधत होती. त्याच्या दाराचं टायटॅनियमचं कडं आम्ही करायचं. लवूने भंगार तुकड्यांवर महिनोन्‌महिने हात बसवला. नियम कडक होता : साफ केलेल्या धातूला उघडा हात लागता कामा नये. बोटाचं तेल जोडात उतरलं तरी जोड ठिसूळ होतो.

पहिलं कडं पास होऊन यानात बसलं. पुढच्या वर्षीचं दुसरं कडं दाबाच्या चाचणीत तडकलं.

कंपनीची इंजिनिअर अपूर्वा आली. तिने गॅस पाहिला, तार पाहिली. काही सापडेना.

"मालच खराब आला असेल," शेठ म्हणाले. तिलाही ते पटत चाललं होतं.

लवूने मला बाजूला घेतलं. "खंडेनवमीक, जोडूच्या आधी, मी तेका कुंकू लावलंय."

"हातमोजा होता ना?"

"हातमोजा घालून कोण पूजा करता रे? मगे फडक्यान पुसलंय."

"मग गप्प बस. काम जाईल."

"आणि असोच जोड वर सुटलो तर? थंय माणसां बसतली."

तो गेला आणि सांगून मोकळा झाला. अपूर्वा चिडली नाही. तिने एवढंच विचारलं, "काका, पहिल्या कड्याची पूजा केली होती?"

शेठ लवूकडे रोखून बघत होते. नाही म्हटलं असतं तर कोणाला कळणार नव्हतं.

"केली होती," लवू म्हणाला.

"त्याचा एक्स-रे स्वच्छ होता," शेठ घाईने म्हणाले.

"ठिसूळपणा एक्स-रेत दिसत नाही," असं म्हणून ती फोन लावत बाहेर गेली.

यानाच्या दाराचं कडं कापून काढलं. माणसांविना व्हायचं पहिलं उड्डाण लांबलं. जोडकाम कंपनीने स्वतःच्या बंद खोलीत नेलं. आमच्या गाळ्याला ते परत मिळालं नाही. शेठ म्हणतात, "बोल कोणाला लावू, देवाला की लवूला?" गाळ्यातले लोक त्याला अंतराळवीर म्हणू लागले, तेव्हा त्याने काम सोडलं. आता तो सोसायट्यांच्या गच्चीवर पाण्याचे पाइप जोडतो.

कापलेल्या कड्यात काय निघालं, ते कंपनीने कळवलं नाही. भेटला की लवू तेवढंच विचारतो.

"तो जोड बरो असलो तर?"