देवीलालने जहाज पाच तास थांबवलं

फुलसावंगीजवळच्या तांड्यावरचा देवीलाल राठोड 'सिल्व्हाना' नावाच्या बड्या प्रवासी जहाजावर चादरी धुतो, हे साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक होतं. "समुद्रात जाऊन कपडेच धुतो ना?" असं नाक मुरडणारेही होते. मुरडोत बापडे. त्यांच्यातल्या एकानेही कधी बोटीत पाय ठेवला नव्हता.

देवीलालला त्या जहाजाची सगळी कुंडली तोंडपाठ होती. फिनलंडमध्ये बांधलं, २००१ साली पाण्यात उतरलं. मजले बारा, प्रवासी दोन हजार. आधी कॅरिबियन बेटांच्या फेऱ्या, मग भूमध्य समुद्र. एका वादळात वरच्या मजल्याच्या काचा फुटल्या, तरी बंदर वेळेवर गाठलेलं. आणि सात वर्षांत सुटायला एकदाही उशीर नाही! हे सांगताना त्याची छाती अशी फुगायची, की वाटावं जहाज यानेच चालवलं.

त्याआधी बारा वर्षं तो जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्यात होता. कापसाच्या ढिगापाशी बसून त्यात आलेले सुतळीचे, प्लास्टिकच्या पोत्यांचे धागे वेचायचे, हे त्याचं काम. असा धागा कापसाच्या दाबलेल्या गाठीत गेला तर व्यापारी अख्खी गाठ नाकारायचा. पुढे कापसाचा भाव असा पडला की जिनिंगलाच कुलूप लागलं, आणि २००६ साली देवीलाल जहाजावर आला.

२००८ साली जहाज डागडुजीसाठी गोदीत गेलं. रंग झाला, गालिचे बदलले, नव्याकोऱ्या चादरी आल्या. जुन्या बांधून धक्क्यावर उतरवल्या. दुपारी बाराला जहाज सुटायचं होतं. सकाळी देवीलालने धुतलेली पहिली नवी चादर उचलली, चिमटीत धरली आणि तो जागीच थांबला.

"हा कापूस नाही," तो म्हणाला.

लॉन्ड्रीचा मुकादम रामोन हसला. त्याने चादरीवरचा शिक्का दाखवला, शंभर टक्के सुती. "घाल रोलरमध्ये."

इस्त्रीचे ते रोलर दोनशे अंशांवर तापायचे. प्लास्टिकचा धागा त्यात वितळून चिकटला आणि पेट घेतला, तर भर समुद्रात दोन हजार माणसं पळणार कुठे? देवीलालने सरळ रोलरचं बटण बंद केलं.

रामोनचा पारा चढला. हुकूम मोडला की पुढच्या बंदरावरून घरी, हा नियम देवीलालला माहीत होता. घरी म्हणजे कुठे, तर जिनिंगच्या त्या कुलपापाशी. तरी बटणावरचा हात त्याने काढला नाही.

उंच, पिकल्या केसांच्या मॅनेजरबाई खाली आल्या. "सिद्ध कर," म्हणाल्या.

"धागा जाळून दाखवतो. काडी ओढू द्या."

आता आली का पंचाईत! जहाजावर काडी ओढणं म्हणजे नोकरीवर पाणी. शेवटी सगळी वरात धक्क्यावर, सिगारेट ओढायच्या जागी गेली. सोबत आग विझवायचं नळकांडं घेतलेला अधिकारी. देवीलालने आधी जुन्या चादरीचा धागा पेटवला. तो भुरभुर जळला, कागद जळाल्यासारखा वास आला, चिमूटभर राख उरली. मग नव्या चादरीचा धागा. तो आकसला, काळा धूर सोडला आणि टोकाला कडक मणी झाला.

बाईंनी स्वतः वेगवेगळ्या गठ्ठ्यांतून आणखी चार चादरी काढल्या. चारांचे चार मणी झाले.

जुन्या चादरी पुन्हा वर चढल्या, धुतल्या, वाळल्या, इस्त्री झाल्या. 'सिल्व्हाना' संध्याकाळी पाचला सुटलं. जहाजाच्या नोंदवहीत पहिला उशीर लागला, आणि तोही आपल्यामुळे, म्हणून देवीलाल तोंड पाडून बसला. तर कॅप्टन, जो आजवर कधी लॉन्ड्रीत उतरला नव्हता, तो खाली आला. देवीलालचं पूर्ण नाव, गावाचं नाव विचारून घेतलं, हात हातात घेतला आणि म्हणाला, उशिराच्या कारणात हे लिहितोय. लिहिलंही. रामोन जवळच उभा होता, त्यानेही टाळ्या वाजवल्या.

पुढच्या बंदरावरून देवीलालने घरी फोन लावला. बायको, जमनी, आधी घाबरलीच.

"काहून जी, जहाज कायले थांबवलं? आता काढून टाकतेत का तुमाले?"

"नाही व. आता कोणतंबी कापड जहाजावर चढलं, तं आधी मले दाखवा म्हन्ते कॅप्टन."

तिच्या हातून फोन देवीलालच्या बापाने, लालसिंगने, ओढून घेतला. म्हातारा आदल्याच दिवशी मार्केट यार्डात कापूस विकायला घेऊन गेला होता, आणि व्यापाऱ्याने गाडीकडे नीट पाहिलंही नव्हतं.

"सांग बरं पुना," लालसिंग म्हणाला. "कापसापायी येवढं मोठं जहाज थांबलं?"

"थांबलं बाबा. पाच तास."

म्हातारा खाकरून म्हणाला, "आमची तं कोनी गाडीबी थांबवून पाह्यत नाही. शाबास रे, देवीलाल."

एवढं म्हणून तो रडला, आणि रडताना कोणी पाहील याची त्याने पर्वा केली नाही.