जलजक्कांची विहीर

जलजक्कांचं काम ऑफिसात कुणी फारसं मनावर घेत नसे. उडुपीच्या सर्व्हिस बसस्टँडमागं, कापडदुकानाच्या माळ्यावर ती पाच माणसांची कंपनी. कॉलेजांना, संस्थांना प्रोग्राम करून द्यायची. प्रोग्राममधून ईमेल नीट सुटतात का हे तपासताना ते खऱ्या माणसांच्या अंगावर जाऊन पडू नयेत, म्हणून तिथल्याच मशीनवर एक खोटं टपालघर बसवलेलं. प्रोग्रामला वाटायचं पत्र गेलं, आणि पत्र पडलेलं असायचं त्यात. सगळे त्याला विहीर म्हणत. विहिरीत पडलेलं एकूणएक पत्र वाचायचं, हे जलजक्कांचं अकरा वर्षांचं काम.

त्याआधी वीस वर्षं त्या टायपिंग शिकवायच्या. टायपिंग बुडालं, अक्का तरल्या. चाचणीत खऱ्या माणसाचं नाव घालायचं नाही, हा त्यांचा नियम. म्हणून तिथली माणसं म्हणजे खाण्याच्या पदार्थांवरून बेतलेली, नीरदोसे पुजारी, गोळीबजे भट आणि कोरीरोट्टी शेट्टी. एकट्या नीरदोसे पुजारीला आजवर चारशे वेळा नोकरी लागली होती, बिचारा एकदाही हजर झाला नाही.

कंपनीचा मुख्य प्रोग्रामर प्रज्वल कोटियन, वय अठ्ठावीस, जीभ त्याहून तरुण. तो म्हणायचा, "अक्का, शंभर पत्रांत मजकूर एकच. एक वाचा, बाकीची सोडा. पुढच्या महिन्यापासून हे मशीनच करेल."

"मजकूर एक असेल रे, नावं शंभर आहेत."

"नावं गोळीबज्यांची!"

"भजं झालं म्हणून काय झालं? त्याचं पत्र त्याला नीट मिळायला नको?"

अक्कांना अठराव्या वर्षी शिक्षिकेच्या कोर्सचं बोलावणं आलं होतं. किराणा दुकानात डाळीच्या पोत्यावर ते आठ दिवस पडून राहिलं आणि तारीख उलटल्यावर हातात पडलं. हे त्या कुणाला सांगत नसत. लोक हळहळतात आणि चहा मागतात.

त्या शुक्रवारी प्रज्वलनं उडुपीतल्याच एका नर्सिंग कॉलेजचा प्रोग्राम सुरू करून दिला. गावी घरच्या भुताचा कोला, म्हणजे राखणदार दैवताचा उत्सव होता, स्वारीचं लक्ष घड्याळाकडे. सगळं बदललं, पत्रं विहिरीऐवजी बाहेर सोडायची एक ओळ बदलायची राहिली, आणि हा गावी पसार.

सोमवारी बारा वाजता अक्कांनी नेहमीसारखी विहीर उघडली. पहिलंच नाव सुप्रीता मोगेर. हा खायचा पदार्थ नव्हे. खाली आणखी अठरा नावं, सगळी हाडामांसाची. "आपली निवड झाली आहे. सोमवारी चार वाजेपर्यंत मूळ दाखले घेऊन यावे, अन्यथा जागा पुढील उमेदवारास दिली जाईल." म्हणजे आजच. आणि पत्रं मुलींकडे न जाता इथं विहिरीत पडलेली.

कॉलेजात फोन केला. कारकूनबाई म्हणाल्या, "आमच्याकडे 'पाठवले' असं दिसतंय बाई. प्राचार्य मंगळूरला गेलेत. चार म्हणजे चार." प्रज्वलचा फोन लागेना. मग अक्कांनी प्रोग्राममधले मुलींचे अर्ज काढून ऑफिसातल्या तिघांना वाटून दिले आणि स्वतःही फोनवर बसल्या. दीड वाजेपर्यंत अठरा मुली घरून निघाल्या. सुप्रीताचा फोन बंद. पत्ता एवढाच: बंदराजवळ, गंगोळ्ळी.

पण वीस वर्षं टायपिंग शिकवलेल्या बाईचे विद्यार्थी किनारपट्टीवर कुठं नसतात? गंगोळ्ळीच्या सहकारी सोसायटीत सदानंद होता.

"सदानंदा, टायपिंगमधल्या जलजक्का बोलते." पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "बंदरावरच्या मोगेरांची सुप्रीता शोध. दाखले घ्यायला लाव आणि उडुपीच्या बसमध्ये बसव."

"आत्ता? अक्का, माझ्यापुढं रांग आहे हो, मारायरे."

"मग रांगेतल्यांनाच विचार तिचं घर."

पोरगी आईबरोबर मासळी वाळत घालत होती. सदानंदनं तिला स्कूटरवर कुंदापूरला आणली आणि अक्कांचा नंबर देऊन अडीचच्या बसमध्ये बसवली. तसा त्याचा फोनही आला. त्यानंतर काही हातात नव्हतं. कुणी डबे उघडले नाहीत. अक्का एकदा घड्याळाकडे बघत, एकदा त्या पत्राकडे, आणि मनात म्हणत, हिचं तरी पोत्यावर राहू नये रे देवा.

चार वाजून गेले, तरी फोन नाही. चार वाजून पाच मिनिटांनी अनोळखी नंबर वाजला.

"अक्का, मी सुप्रीता. सही झाली. चार मिनिटं उरली होती." ती धापा टाकत होती. "हाताला मासळीचा वास होता, त्या बाईंनी दाखले चिमटीत धरले."

अक्का हसल्या आणि हसता हसता त्यांना रडूच आलं.

पाच वाजता प्रज्वल प्रसाद घेऊन आला. ऐकल्यावर त्याच्या तोंडचं पाणीच पळालं. लगेच बसून त्यानं ती ओळ बदलली आणि विहीर उपसून रिकामी केली. मग उभा राहून, खुर्ची अक्कांपुढं सरकवत म्हणाला, "तुम्हीच एक पत्र पाठवून बघा, अक्का. आणि ते मशीनचं मी बोललो ते सोडा."

अक्कांच्या बोटांनी सवयीनं नीरदोसे पुजारी लिहिलं. त्यांनी ते खोडलं. सुप्रीता मोगेर लिहिलं. खाली लिहिलं, "बाळ, नीट शीक. आणि फोन चालू ठेवत जा." बटण दाबलं आणि विहीर उघडली.

आत काही नव्हतं.

"गेलं, अक्का," प्रज्वल म्हणाला.

अकरा वर्षांत त्यांच्यासमोरून एकही पत्र असं कुणाकडे गेलं नव्हतं. जलजक्कांनी चष्मा पुसला आणि ती रिकामी विहीर पुन्हा एकदा डोळे भरून पाहिली.