नऊ किलोमीटरवरचं स्टेशन

आधी आक्काचं सांगते, मग काय झालं ते. आक्का म्हणजे कॅराव्हॅन पार्कातली माझी शेजारीण. गोरी, अठ्ठ्याहत्तर वर्षांची, एका खुब्यात स्टील बसवलेलं, आणि आवाज असा की यंत्रमागाच्या खडखडाटातही ऐकू जावा. तिने मला छप्पन्नाव्या वर्षी सायकल शिकवली. एवढंच. पण त्या उन्हाळ्यात माझ्या मुलीचा जीव त्या सायकलीने वाचवला असं मी म्हणते आणि आमचे हे हसतात. हसू देत.

तिचं नाव लिहीत नाही. मी तिला आक्काच म्हणायचे. पहिल्या दिवशी तिने अर्थ विचारला. मी म्हटलं, "बिग सिस्टर." ती म्हणाली, "सात भावंडांत मी शेंडेफळ. उशिरा का होईना, बढती मिळाली."

मी इचलकरंजीची. नववीत शाळा सुटली आणि कांडी मशीनवर बसले. मागाला लागणाऱ्या सुताच्या कांड्या भरायच्या, लग्नाआधी माहेरी आणि लग्नानंतर सासरी. माझं इंग्रजी नातीच्या पहिलीच्या पुस्तकांतून आलेलं. मुलगी मात्र शिकली आणि सिडनीत, वेस्टमीडच्या एका लॅबमध्ये लागली. तिच्या पाळ्या, नात नुकती शाळेत जायला लागलेली, म्हणून मी तीन महिन्यांसाठी आले आणि साथीमुळे विमानं बंद झाली. तीन महिन्यांचे दहा झाले. हे तिकडे, मी इकडे. परतीच्या यादीत नाव लावलेलं होतं, नंबर येत नव्हता.

नाताळच्या सुमारास सिडनीत पुन्हा रुग्ण निघायला लागले. नाकातल्या काड्या तपासण्याचं मुलीचं काम, तिच्या टेबलावर त्यांचे ढीग. रात्रपाळी करून आली की ती दारातच कपडे बदलायची. गिरावीन या उपनगरातला त्यांचा फ्लॅट दोन खोल्यांचा, आणि मला दमा. एकदा तिने मला खोकताना ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी ठरवूनच टाकलं. जावयांच्या ऑफिसातल्या कुणाची तरी कॅराव्हॅन दक्षिणेला, समुद्राकाठच्या एका पार्कात कायमची उभी होती.

"आई, मोकळी हवा आहे. दोन महिने काढ. दर रविवारी मी येईनच."

मला वाटलं, पोरीने मला घराबाहेर काढलं. हे तिला कधी बोलले नाही. इथेच लिहिते आहे.

कॅराव्हॅन म्हणजे चाकांवरची एक खोली आणि पुढे ताडपत्रीचा मांडव. आजूबाजूला तशाच चाळीस-पन्नास. धुण्याची मशीनं सामाईक, संडास-बाथरूम सामाईक, आणि सगळीकडे सॅनिटायझरची बाटली बांधलेली. मी भित्री. गॅसचा खटका तीनदा बघायचा, दाराची कडी दोनदा. पार्कात त्या दिवसांत बाहेरच्या पाहुण्यांना मनाई होती, म्हणून मुलगी आणि नात आल्या की आम्ही फाटकाबाहेरच्या हिरवळीवर बसायचो. सतरंज्या दोन, मध्ये चार हात अंतर. मी थालीपीठं करून न्यायची. नात तिकडून ओरडायची, "आजी, थ्रो इट!" आणि मी खरंच फेकायची.

जानेवारीतल्या, म्हणजे तिकडच्या भर उन्हाळ्यातल्या, एका रविवारी त्यांची गाडी आली ती डाव्या अंगाला पुढपासून मागपर्यंत खरवडलेली.

"काय गं हे?"

"काही नाही. कठडा लागला जरा."

नात सतरंजीवर बसता बसता म्हणाली, "मम्मी क्लोज्ड हर आइज."

"एक सेकंद गं," मुलगी म्हणाली.

"नॉट वन सेकंद. आय काउंटेड. देन आय शाउटेड."

समुद्राकडे उतरणारा तो घाट मी पाहिलेला होता. एका बाजूला कडा, दुसरीकडे झाडांचे शेंडे, म्हणजे खाली किती आहे ते समजून घ्या. रात्रपाळी संपवून, दोन तास झोपून न झोपून, ही लेकराला मागे बसवून तो घाट उतरत होती. कशासाठी, तर मला भेटायला आणि माझा दम्याचा पंप, डाळ-तांदूळ द्यायला.

"आता पुन्हा गाडी चालवत यायचं नाही," मी म्हटलं.

"मग कशी येऊ? तुझा जावई चालवणार?"

जावयांच्या गाडीला अजून शिकाऊ चालकाची पिवळी पाटी होती. दोनदा परीक्षा नापास, आणि तिसरी साथीमुळे पुढे ढकललेली. ते फोनवरून म्हणाले, "आई, ट्रेन आहे की. पण स्टेशन तुमच्यापासून नऊ किलोमीटर, रविवारी बस नाही. त्यांना नाहीतर तुम्हाला, कुणालाही मी टॅक्सी बुक करतो ना."

"बंद गाडीत परक्या माणसाच्या मागे कुणीही बसायचं, तर मला इथे ठेवलंत कशाला?"

मुलगी उठली. "आई, वाद नको. पुढच्या रविवारी ड्यूटी आहे. त्याच्या पुढच्या रविवारी येईन, आणि गाडीनेच येईन." हट्टी. कुणावर गेली ते सांगायला नको.

माझ्या हातात चौदा दिवस होते. पार्काच्या मागून, समुद्राच्या कडेकडेने, सायकलींचा एक पक्का रस्ता जायचा, तो थेट त्या स्टेशनच्या गावात. त्यावरून रोज माझ्याहून म्हाताऱ्या बाया हसत-बोलत जाताना मी बघत होते. मी चालत गेले असते, पण नऊ जायचे, नऊ यायचे, आणि उन्हात माझा दमा. मी आक्काकडे गेले. तिच्या व्हॅनखाली एक जुनी लेडीज सायकल आडवी पडलेली असायची. खुब्याच्या ऑपरेशननंतर ती स्वतः बॅटरीवर चालणाऱ्या चारचाकी खुर्चीवरूनच फिरायची.

"आक्का, टीच मी."

तिने सायकलीकडे पाहिलं, मग माझ्या साडीकडे. "कधीपर्यंत?"

"चौदा दिवस."

"या आधी कधी बसलीस?"

"भावाच्या कॅरियरवर."

तिने पाना मागवला आणि आधी सायकलीची पायडलंच काढून ठेवली. मला वाटलं, नाही म्हणायची ही इकडच्या लोकांची पद्धत असेल. पण तसं नव्हतं. सीट खाली केली आणि म्हणाली, "नुसती बस. पाय जमिनीला. चाल." चार दिवस मी बदकासारखी पार्काच्या गल्लीत चालले. साडी सुटली, मुलीची ट्रॅकपँट आली. हेल्मेट डोक्यावर बसेना, कारण माझा अंबाडा. चाळीस वर्षांनी मी शाळेतल्यासारखी वेणी घातली. पाचव्या दिवशी दोन्ही पाय उचलले आणि सायकल आपली आपण चालली, धुण्याच्या खोलीपर्यंत. मग पायडलं परत लागली.

रोज शिकून झालं की आक्का दोन कप मांडायची. मी चहा घ्यायची आणि निघताना हात जोडून म्हणायची, "ओके आक्का, आय कम." ती म्हणायची, "राइट-ओ, लव्ह." मी निघाले की ती रोज तिसरा एक स्वच्छ कप काढून झाकून ठेवायची. मला वाटायचं, इकडचा रिवाज असेल.

ह्यांचा फोन आला. "काय चाललंय?"

"सायकल शिकते."

"या वयात? हातपाय मोडून घे, मग मी येऊ का तिथं तुझ्या भाकरी थापायला?"

"तुम्ही याच. विमान असलं तर."

हे मग म्हणाले, "पुढचा ब्रेक आधी दाबू नकोस. मागचा."

बाराव्या दिवशी, शुक्रवारी, मी ठरवलं की आता अर्ध्यापर्यंत एकटीने जाऊन बघायचं. दुपारचे दोन. आक्का डुलकी घेत होती. मी जाळीच्या दारातून म्हटलं, "आक्का, आय कम," आणि निघाले. कुठे जाते, किती वाजता येईन, काही नाही. इथेच माझी अक्कल कळली. कारण दुपारी त्या किनाऱ्यावर ईशान्येचा वारा सुटतो, आणि मला जायचं होतं उत्तरेला. जाणारी माणसं सकाळी जातात, दुपारी वाऱ्याबरोबर परततात. हे मी रोज बघत होते, पण वारा दिसतो थोडाच.

खाडीवरचा लाकडी पूल कसाबसा झाला. पुढे चढाला रस्त्यावर वाळू उडून आलेली. चाक फिरलं आणि मी आडवी. गुडघा सोलला, चेन उतरली. पंप काढला, दोनदा ओढला. एक तरुण जोडपं थांबलं, "यू ओके?" म्हणून दुरून विचारलं, मी "नो वरीज" म्हटलं, आणि ते गेले. मग मी रडले. गुडघ्यासाठी नाही. परवा सकाळी पोरगी पुन्हा त्या घाटात असेल, आणि मी तिला 'येऊ नकोस' म्हणायला कुठल्या तोंडाने फोन करू, यासाठी.

किती वेळ बसले कोण जाणे. मग पुलावरून एक खड खड आवाज. बॅटरीची खुर्ची, वर लाल झेंडा, आणि आक्का. मास्क हनुवटीवर.

"किटली दोनदा गार झाली!" ती लांबूनच ओरडली. "तू येते म्हणालीस. रोज येते म्हणतेस आणि येत नाहीस, ते मी चालवून घेतलं. आज सायकलही नाही, तूही नाही!"

मला आधी कळेचना. मग तिसऱ्या कपाचा उलगडा झाला. बारा दिवस ती म्हातारी माझ्या परतीच्या चहासाठी कप झाकून वाट बघत होती.

मी मोडक्या इंग्रजीत सांगितलं. आमच्यात निघताना 'जाते' म्हणत नाहीत. 'जाते' म्हणणं अशुभ. जायचं ते एकदाच, मेल्यावर. म्हणून दारातून बाहेर पडणारा माणूस 'येते' म्हणतो. ती गाल चावत ऐकत होती.

"म्हणजे ते वचन नव्हतं."

"वचनच आहे," मी म्हटलं. "फक्त वेळ सांगत नाही."

ती इतकी हसली की खुर्ची हलली. मग एकदम गंभीर. "मी ते वचन धरलं म्हणून शोधायला निघाले. नाहीतर मला काय, कोण कुठे गेलं."

तिने खुर्चीवर बसूनच चेन कशी चढवायची ते सांगितलं आणि मला तीनदा उतरवून तीनदा चढवायला लावली. "रविवारी मी नसेन." परत जाताना वारा पाठीशी होता. मध्येच खुर्चीची बॅटरी संपत आली, ती गोगलगायीसारखी चालायला लागली, आणि मी सायकल हातात धरून तिच्याबरोबर चालत आले. शनिवारी मी पहाटेच उठून, वारा नसताना, पुलापलीकडचा तो चढ सहा वेळा चढले. सहाव्यांदा न उतरता. आल्यावर मुलीला मेसेज केला: "ट्रेनने या. मी स्टेशनला असेन. गाडी आणलीत तर मी भेटणार नाही." तिचं उत्तर एकाच शब्दाचं. "आई!!"

रविवारी सहाला निघाले. जाळीशी उभी राहून आक्काला नीट सांगितलं: "आय गो स्टेशन. आय कम थ्री ओक्लॉक." पिशवीत थालीपीठं, सतरंजी, पंप. समुद्र डाव्या हाताला की उजव्या, तेही मला आठवत नाही, कारण मी रस्त्यावरून नजर हलवली नाही. चढावर श्वास लागला, तर उतरले, पंप घेतला, पुन्हा बसले. कुणाला दाखवायचं नव्हतं, पोचायचं होतं. सव्वातासात स्टेशन. ट्रेनला अजून दोन तास. मी बाकावर बसून राहिले, हेल्मेट न काढता, काढलं तर घालता येणार नाही या भीतीने.

नात डब्यातून उतरली आणि मला बघून जागीच थांबली. "आजी? इज दॅट यू?"

मुलगी फाटक्या ट्रॅकपँटमधून दिसणारा माझा सोललेला गुडघा, सायकल, वेणी, एकेक करून बघत राहिली. मग म्हणाली, "ट्रेनमध्ये झोपले गं मी. सिडनीच्या सेंट्रल स्टेशनपासून. हिने उठवलं."

आम्ही समुद्राकडच्या हिरवळीवर सतरंज्या टाकल्या. दोन घास खाल्ले आणि तिला पुन्हा झोप लागली, झाडाखाली, हात उशाशी घेऊन, लहानपणी मशीनशेजारी झोपायची तशी. मी आणि नात चार हात अंतरावर बसून तिला राखत होतो. माश्या आल्या की नात फडक्याने वारायची. दीड तास. त्या झोपेसाठी मी रोज नऊ किलोमीटर गेले असते. पुढचे चार रविवार गेलेही.

परतले तेव्हा आक्का मांडवात बसली होती. पोरीच्या अपुऱ्या झोपेचं मी तिला सांगितलेलं होतं. पहिला प्रश्न, "झोपली का ती?"

"झोपली."

तिने चहा ओतला. मग पहिल्यांदाच स्वतःचं काही बोलली. तिचा मुलगा पर्थला, या देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. त्या राज्याने तेव्हा सीमा बंद केलेली. साथीआधीही तिला जाता आलं नव्हतं. विमानात ती बसत नाही, आणि ट्रेनला तीन रात्री लागतात, खुब्याने एकटीला डब्यातून चढ-उतर होत नाही. चार वर्षं त्याला पाहिलेलं नव्हतं. "फोनवर तो नेहमी झोप न झालेला वाटतो," ती म्हणाली, आणि किटली भरायला उठली.

फेब्रुवारीअखेर माझा नंबर लागला. मी आता घरी आहे. मुलगी ठीक आहे, जावई परीक्षा पास झाले. पर्थची सीमाही पुढे उघडली, पण आक्का अजून गेलेली नाही. मी पासपोर्ट नवा करायला दिला आहे. ह्यांना सांगून ठेवलंय, या खेपेला मुलीकडे आठ दिवस, आणि मग मी आक्काबरोबर पर्थच्या गाडीत बसणार. तिची बॅग मी घेईन, डब्याच्या पायरीवर तिला हात मी देईन, तीन रात्री तिच्या समोरच्या सीटवर बसेन, आणि तिला तिच्या मुलाच्या दारात नेऊन उभी करेन.