खोकल्याची जागा

बेलापूरच्या रस्त्याला पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणारे एक मिस्त्री आहेत. चालू मोटारीला स्क्रू ड्रायव्हर टेकवून त्याची मूठ ते कानाला लावतात आणि बेअरिंग गेलंय का ते सांगतात. त्याच कानाने ते दिवसभर एका परदेशी संगीतकाराच्या दोन जुन्या तबकड्या ऐकतात. एकीत त्याच्या तरुणपणच्या रचना आहेत, दुसरीत महायुद्ध चालू असतानाच्या, भर मैफलीत मुद्रित केलेल्या.

"पुढं त्यानं लई नाव काढलं," मिस्त्री सांगतात. "पन नाव झाल्यावं समदेच ऐकत्यात. आपन आदीचं ऐकावं."

युद्धाच्या तबकडीत व्हायोलिनं अगदी हळू होतात, तिथे श्रोत्यांतलं कुणीतरी खोकतं. ती जागा जवळ आली की मिस्त्री हातोडी खाली ठेवतात आणि गिऱ्हाइकाला बोटानेच गप्प करतात. खोकला झाला की खुशीत मान डोलावतात. "भाईर लढाई, आत थंडी, तरी गडी आलाय बघा ऐकायला!"

यंदा ती तबकडी झिजून सुई उड्या मारायला लागली. म्हणून मी तीच रचना, हल्ली कुणी नव्याने वाजवलेली, त्यांना पेन ड्राइव्हवर आणून दिली. मिस्त्रींनी स्पीकरला स्क्रू ड्रायव्हर टेकवला.

"झकास! बेअरिंग नवं हाय."

मी खूश. तेवढ्यात व्हायोलिनं हळू झाली. त्यांनी हातोडी ठेवली, मला गप्प केलं. यात तो खोकणारा माणूस नाही, हे माझ्या तेव्हा कुठे लक्षात आलं.

मिस्त्री मात्र नेमक्या जागेवर, बेताने, स्वतःच खोकले.