काळी पडलेली नाणी

माझे भाऊजी, म्हणजे थोरल्या ताईचे यजमान, वजनकाटे दुरुस्त करतात. घराची पुढची खोली हेच त्यांचं दुकान. भाजीवाल्यांचे तराजू, किराणावाल्यांचे काटे, सोनारांचे काचेच्या पेटीतले नाजूक काटे, सगळे तिथे येऊन रांगेत बसतात. एखादं गिऱ्हाईक हळूच म्हणतं, "जरा आपल्या बाजूने झुकता ठेवा की." त्याचा काटा भाऊजी न उघडताच परत करतात. या गोष्टीचा ताईने माहेरी इतका डंका पिटला आहे, की आमच्या चुलत्यांनाही आपापले जावई त्यापुढे फिके वाटायला लागले.

त्यांचं दुसरं वेड नाण्यांचं. सुटीच्या दिवशी जुन्या बाजारात, भंगारवाल्यांकडे फिरायचं आणि विकणाऱ्याला किंमत ठाऊक नसलेलं नाणं हुडकायचं. त्यांची पद्धत ठरलेली होती. हवं ते नाणं दिसलं की त्याच्याकडे बघायचं नाही. आधी दोनचार फालतू नाणी उचलायची, कारल्याचा रस प्यायल्यासारखं तोंड करायचं आणि मग जाताजाता ते नाणंही ढिगात टाकून सगळ्यांचा मिळून भाव विचारायचा. जेवताना ते याची नक्कल करून दाखवायचे आणि आम्ही पोट धरून हसायचो. "नाटकात गेला असतात तर बरं झालं असतं," ताई म्हणायची, "निदान माझं कपाट तरी रिकामं राहिलं असतं."

हे बरोबर आहे का, असं मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "भंगारवाला काय देवाला कौल लावून माल घेतो? तोही कुणाकडून तरी किलोवर उचलतो. मी वर्षानुवर्षं डोळे फोडून शिकलोय. त्या नजरेचे पैसे मी घेतो." मला ते पटलं होतं. भंगारवाल्याच्या बाबतीत अजूनही पटतं.

मी शिवणकामाच्या कारखान्यात कापड कापते. माझ्या शेजारच्या टेबलावर शर्टांना काजं करणारी एक बाई बसते. तिला सगळे काजेमावशी म्हणतात. तिचा नवरा बसकंडक्टर होता. प्रवाशांनी दिलेलं एखादं चमत्कारिक नाणं दिसलं की तो आपल्या खिशातलं साधं नाणं बॅगेत टाकायचा आणि ते वेगळं नाणं घरी आणून डब्यात ठेवायचा. तो गेल्यावर डबा फळीवर पडून होता. मग मावशीच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला, काजं वाकडी यायला लागली आणि मुकादमाने दोनदा शर्ट परत फेकले. डोळ्याचं ऑपरेशन झालं नाही तर काम जाणार, हे तिलाही कळत होतं. ती मला म्हणाली, "त्या नाण्यांचं काही येईल का गं?"

"आमच्या भाऊजींना दाखव," मी म्हटलं. "माणूस सरळ आहे."

ती मूठभर नाणी रुमालात बांधून एकटीच गेली. तिथे काय झालं ते मला पुढच्या सुटीच्या दिवशी कळलं. त्यांच्याकडे जेवायला गेले होते, आणि भाऊजींनी वरणभात बाजूला सारून एक नाणं माझ्यापुढे ठेवलं. दिसायला अगदी साधं, पण काट्यावर ठेवलं तर वजन हलकं. टांकसाळीत चुकून दुसऱ्याच नाण्याच्या चकतीवर छापलं गेलेलं. असं नाणं जन्मात एकदा हाताला लागतं, म्हणाले.

"कुणाकडून घेतलंत?" ताईने विचारलं.

"हिच्या काजेवालीकडून."

ताईचा वाढता हात थांबला. मी विचारलं, "तिला काय सांगितलंत?"

"सांगायचं काय? काळी पडलीत म्हटलं, चकचकीत असती तर गोष्ट वेगळी. तरी बरे पैसे दिले. तिने मागितले असते त्यापेक्षा जास्तच."

"तिने मागितले कुठे? तिने तुम्हाला विचारलं."

"एकूण एकच."

"एकच कसं?" ताई म्हणाली. ती कधी मध्ये पडत नाही, पण त्या दिवशी पडली. "विकणाऱ्याने भाव सांगितला तर तुम्ही गिऱ्हाईक. त्याने तुम्हालाच भाव विचारला तर तुम्ही काटा झालात. काट्याने स्वतःच्या बाजूला झुकायचं असतं का?"

भाऊजींचे कान लाल झाले. नाणं परत करायचं त्यांच्या जिवावर आलं होतं, ते दिसत होतं. शेवटी म्हणाले, "तिच्याकडे अजून डबाभर आहेत. बाकीची आणू दे. त्यात पुरेपूर भाव देईन, सगळं भरून काढीन." असल्या हिशेबावर मीही गप्प बसले आणि दुसऱ्या दिवशी मावशीला म्हटलं, उरलेलीही घेऊन जा.

ती गेली तेव्हा ताई दुकानात बसली होती. मावशीने डबा उघडला आणि ताईच्या म्हणण्याप्रमाणे खोलीत उजेड पडला. सगळी नाणी लखलखत होती.

"तुम्ही म्हणालात ना, काळी पडलीत म्हणून भाव नाही," मावशी म्हणाली. "राख घेतली, तारेची घासणी घेतली आणि बसले. मला दिसत नाही, पण गुळगुळीत लागेस्तोवर सोडलं नाही एकेकाला."

भाऊजींनी भिंग लावलं. जुन्या नाण्याचा तो काळपटपणाच त्याच्या अस्सलपणाची साक्ष असतो, घासलेल्या नाण्याला जाणकार हात लावत नाहीत, हे पोरासोरांना सांगणारा माणूस एकेक नाणं उचलत होता आणि खाली ठेवत होता. डब्यात एक तर असं होतं, की ज्याची एक बाजू टांकसाळीत छापायचीच राहिली होती. घासायच्या आधी ते आलं असतं तर मावशीचे दोन्ही डोळे त्यात झाले असते. आता कुणीही म्हणणार, घरी कानस लावून पुसलंय.

"झालीत ना छान?" तिने विचारलं.

"छान झालीत," भाऊजी म्हणाले.

मग ते आत गेले, ते पहिलं नाणं घेऊन आले आणि म्हणाले, "मावशी, माझ्याकडून बघण्यात चूक झाली होती. हे भारी निघालं." ते विकून आलेले सगळे पैसे त्यांनी तिला नेऊन दिले. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. मावशी कारखान्यात सगळ्यांना सांगत सुटली, असा माणूस बघितला नाही, स्वतःहून चूक सांगतो. मी खाली मान घालून कापड कापत राहिले.

डोळा बरा झाल्यावर तिला भाऊजींना भेटायचं होतं. मला बरोबर घेऊन, डबा काखोटीला मारून ती आली. दुकानात ताई होती आणि एक भाजीवाला आपला तराजू न्यायला येऊन बाकावर बसला होता. मावशीने कौतुकाने भाऊजींचं भिंग मागून घेतलं आणि नाणी बघायला लागली. बघता बघता तिचा चेहरा उतरला.

"हे काय केलं मी," ती म्हणाली. "नुसते ओरखडे आहेत. अक्षरं पार गेलीत. आणि तुम्ही छान म्हणालात, मला वाईट वाटू नये म्हणून. माफ करा हो. ह्यांनी जन्मभर जपलेली, मी आंधळेपणाने वाट लावली."

ती भाऊजींची माफी मागत होती. भाऊजींनी आधी माझ्याकडे बघितलं, मग ताईकडे.

"मावशी, मी खोटं बोललो होतो," ते म्हणाले. "काळ्या नाण्यांनाच भाव असतो. ते भारी आहे, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

"मग चूक झाली म्हणालात, ते?"

"तेही खोटं."

मावशीने भिंग जपून टेबलावर ठेवलं. नाणी डब्यात भरली, झाकण लावलं. ती रागावेल, रडेल, काहीतरी बोलेल म्हणून मी वाट बघत होते. दारापाशी गेल्यावर ती वळली.

"त्या दिवशी मला काही दिसत नव्हतं," ती म्हणाली. "पण तुम्ही नाणं काट्यावर ठेवलंत, तो आवाज मी ऐकला. मला वाटलं, काट्यावर ठेवलंय म्हणजे आता खरंच सांगतील."

ती पायऱ्या उतरून गेली. मी तिच्या मागे जायला हवं होतं, पण कुठल्या तोंडाने जाणार? तिला इथे पाठवणारी मीच होते.

बाकावरचा भाजीवाला उठला. त्याने टेबलावरचा आपला तराजू उचलला आणि दरवेळी विचारतो तसं विचारलं, "बरोबर आहे ना?"

भाऊजी एरवी "बिनधास्त न्या" म्हणतात. त्यांनी वजनांची पेटी त्याच्याकडे सरकवली.

"तुम्हीच वजन ठेवून बघा," ते म्हणाले. "माझ्या शब्दावर जाऊ नका."